हसायला माणूस लागतो

अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये मेंदूविज्ञान शिकवणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याचा अभ्यास सुरू केला तो रीतसर प्रयोगशाळेत. लोकांना बोलावलं, गाजलेल्या विनोदी कार्यक्रमांचे तुकडे दाखवले आणि ते हसण्याची वाट पाहिली. लोक फारसे हसलेच नाहीत. कार्यक्रम चांगले होते, हसवणारे नामवंत होते, तरी हसू काही फुटेना. मग प्रोव्हाइन यांनी प्रयोगशाळा सोडली आणि आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते बाजारात, फुटपाथवर, कॉलेजच्या आवारात जाऊन उभे राहिले. लोक गप्पा मारताना कधी हसतात, हसण्याच्या अगदी आधी काय बोललं गेलं, कोण बोललं, आधी कोण हसलं, हे सगळं गुपचूप टिपायचं, एवढंच काम. असे १,२०० प्रसंग त्यांनी गोळा केले.

त्यातून जे हाती आलं ते विनोदाबद्दलच्या आपल्या समजुतीला धक्का देणारं होतं. हसण्याआधीचं वाक्य थोडंफार तरी विनोदी म्हणता येईल, असे प्रसंग १० ते २० टक्केच निघाले. बाकीच्या वेळी लोक हसत होते ते 'अरे, आंद्रे आला बघ', 'नक्की ना?', 'मलाही भेटून बरं वाटलं' अशा साध्या वाक्यांवर. दुसरी गोष्ट याहून विलक्षण. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त हसत होता, सरासरी ४६ टक्के जास्त. विनोद करणारा गंभीर आणि ऐकणारे लोटपोट, हे दृश्य रंगमंचावरचं. रोजच्या बोलण्यात आपण आपल्याच वाक्यावर आधी हसतो.

याची खात्री करून घ्यायला कुठे लांब जायला नको. घरी आलेले पाहुणे निघतानाचं दारातलं बोलणं ऐका. 'बराय, निघतो आता' म्हणून हसू. 'अहो, जेवूनच गेला असता' म्हणून हसू. 'आता पुढच्या वेळी तुमची पाळी हं' आणि दोन्हीकडून हसू. चपला घालता घालता, लिफ्टचं दार धरून ठेवता ठेवता हे चालूच असतं. कागदावर उतरवलं तर यात हसण्यासारखं काहीही सापडणार नाही. पण हेच बोलणं हसू वगळून म्हणून पाहा. पाहुणे रागावून गेले की काय, असं वाटेल.

हे हसू बोलण्यात कुठेही घुसत नाही, हेही प्रोव्हाइन यांनी दाखवलं. ते वाक्य संपल्यावर किंवा वाक्यातल्या विरामावर येतं, शब्दांच्या मध्ये क्वचितच. तोंडाला एका वेळी बोलणं किंवा हसणं यांपैकी एकच जमतं म्हणून असं होत असेल, अशी शंका येणं साहजिक आहे. म्हणून पुढे त्यांनी कॅरेन एमोरी यांच्याबरोबर खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर व्यक्तींच्या गप्पा तपासल्या. हातांनी बोलताना हसायला कसलीच आडकाठी नसते. तरीही त्यांचं हसू बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी आणि विरामांवरच येत होतं. म्हणजे ही शिस्त घशाची नसून मेंदूची आहे. बोलणं आधी, हसणं त्याच्या मागून.

विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हसण्याच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. टीव्ही, पुस्तक असं काही समोर नसेल, तर माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या तीसपट इतरांच्या सोबतीत हसतो. बोलण्याचंही एवढं होत नाही, आपण एकटे असताना स्वतःशी पुष्कळ पुटपुटतो. हसायला मात्र माणूस लागतो, आणि माझ्या मते हसण्याच्या साऱ्या विज्ञानाचा गाभा हाच आहे.

हसताना शरीरात घडतं ते पाहण्यासारखं आहे. बोलताना आपण श्वासावर फार बारीक ताबा ठेवतो, एकेका उच्छ्वासावर अख्खं वाक्य तोलून धरतो. हसू फुटलं की तो ताबा सुटतो. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू झटक्या-झटक्याने आकुंचन पावतात आणि फुप्फुसातली हवा ढकलून बाहेर काढतात. एकेक 'हा' सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागाएवढा असतो आणि दोन 'हा'ची सुरुवात सेकंदाच्या पाचव्या भागाच्या अंतराने होते. हसून हसून पोट दुखतं, बोलायला श्वास उरत नाही, तो यामुळे. चिंपांझीला गुदगुल्या केल्या की तोही हसतो, पण त्याचं हसणं धापा टाकल्यासारखं, श्वास घेताना एक आवाज आणि सोडताना एक. एका उच्छ्वासाचे असे तुकडे पाडणं त्याला जमत नाही. प्रोव्हाइन यांच्या मते आपल्याला बोलता येतं आणि चिंपांझीला येत नाही, याचं एक कारण श्वासावरच्या या ताब्यात आहे.

मरीना डाविला-रॉस यांनी २००९ मध्ये ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो यांची पिल्लं आणि माणसाची बाळं यांच्या गुदगुल्यांच्या हसण्याची ध्वनिमुद्रणं ताडून पाहिली. आवाजांतल्या साम्यावरून काढलेली वंशावळ जनुकांवरून काढलेल्या वंशावळीशी जुळली. म्हणजे हसण्याचं मूळ किमान एक कोटी वर्षं मागे, आपल्या आणि वानरांच्या समाईक पूर्वजापर्यंत जातं. विनोद, भाषा, शब्दांचे खेळ हे सगळं फार नंतरचं. आपलं बाळही तीन-चार महिन्यांचं झालं की खिदळतं, पहिला शब्द उच्चारण्याच्या कितीतरी आधी.

आता खऱ्या आणि खोट्या हसण्याबद्दल. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य झटका देऊन पाहिलं, की मनापासूनच्या हास्यात ओठांच्या कोपऱ्यांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळला जातो, आणि हुकमी हास्यात तो बहुतेकदा आवळला जात नाही. मेंदूतल्या वाटाही दोन आहेत. ठरवून हसण्याची वाट मेंदूच्या पृष्ठभागावरच्या, हालचाली घडवणाऱ्या भागातून जाते. आपोआप फुटणाऱ्या हसण्याची वाट खोलवरच्या, भावनांशी जोडलेल्या भागांतून मेंदूच्या देठाकडे उतरते. अर्धांगवायूच्या काही रुग्णांना 'हसून दाखवा' म्हटलं तर चेहऱ्याची एक बाजू हलत नाही, पण खरोखर हसू आलं की दोन्ही बाजू फुलतात. घरच्यांना वाटतं पेशंट मुद्दाम करतोय. तसं नसतं, एक वाट बंद पडलेली असते आणि दुसरी चालू असते.

१९९८ मध्ये इत्झाक फ्रीड आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एका सोळा वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं. फिट्सच्या त्रासासाठी तिच्या मेंदूची तपासणी चालू होती. डाव्या बाजूच्या एका छोट्या जागी सौम्य वीजप्रवाह दिला की ती स्मित करायची, वाढवला की खळखळून हसायची. का हसलीस विचारलं, तर दर वेळी तिच्याकडे कारण तयार. समोर घोड्याचं चित्र असेल तर घोडा मजेशीर, आणि काहीच नसेल तर 'तुम्ही सगळे असे उभे आहात ना, किती गंमतशीर दिसताय!' हसू आधी आलं, गंमत मागाहून शोधली गेली. मला हे वाचल्यावर वाटलं, की 'काय एवढं हसलात?' या प्रश्नाला आपण देतो त्यांतली किती उत्तरं अशीच असतील.

पण हुकमी हसण्याला खोटं म्हणून हिणवणं मला पटत नाही. दारातल्या त्या पाहुण्यांचं हसणं बव्हंशी हुकमीच असतं, आणि त्याच्याशिवाय माणसांचं एकमेकांत चालणार नाही. ऐकणाऱ्यालाही दोन्हींतला फरक बऱ्यापैकी कळतो. ग्रेगरी ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २४ समाजांतल्या ९६६ लोकांना दोन जणांच्या एकत्र हसण्याचे सेकंदभराचे तुकडे ऐकवले आणि विचारलं, हे मित्र आहेत की अनोळखी? अचूक उत्तरांचं प्रमाण सगळीकडे निव्वळ अंदाजापेक्षा जास्त आलं. फार जास्त नाही, पण भाषा कळत नसताना, अवघ्या एका सेकंदात, एवढं कळणं थोडंथोडकं नाही.

मग उत्क्रांतीत हे टिकलं कशासाठी? ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांचं उत्तर मला सगळ्यांत पटण्याजोगं वाटतं. माकडं तासन्‌तास एकमेकांची केसं विंचरतात, उवा काढतात. त्यातून त्यांची मैत्री घट्ट होते, कारण अशा स्पर्शाने मेंदूत एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्यं स्रवतात. पण एका वेळी एकाच्याच उवा काढता येतात. टोळी मोठी झाली की दिवस पुरत नाही. हसणं मात्र एकाच वेळी तीन-चार जणांपर्यंत पोचतं, तेही हात न लावता.

कल्पना चांगली, पण ती तपासायची कशी? एंडॉर्फिन थेट मोजणं अवघड, म्हणून डनबार यांच्या गटाने वेदना मोजली. लोकांना गटात बसवून विनोदी चित्रफिती दाखवल्या, दुसऱ्या गटाला हसू न आणणारे माहितीपट. आधी आणि नंतर दंडावर बर्फासारखी गार पट्टी बांधायची किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळायचा, आणि 'बस, आता सहन होत नाही' म्हणेपर्यंतचा वेळ किंवा दाब नोंदवायचा. एडिनबरोच्या नाट्यमहोत्सवात तर प्रेक्षकांना खेळाच्या आधी आणि नंतर भिंतीला पाठ टेकवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं उभं केलं आणि मांड्या किती वेळ तग धरतात ते पाहिलं. २०१२ मध्ये आलेल्या या निष्कर्षांत, जे खळखळून हसले होते त्यांची सहनशक्ती वाढलेली दिसली. नुसतं छान वाटण्याने ती वाढली नव्हती, हसावं लागत होतं. पुढे २०१७ मध्ये फिनलंडच्या तुर्कू शहरात बारा पुरुषांना जिवलग मित्रांबरोबर अर्धा तास हसू दिलं आणि लगेच पेट स्कॅन केला. मेंदूत एंडॉर्फिनसारखी, अफूसारखं काम करणारी द्रव्यं स्रवल्याची थेट खूण मिळाली. प्रयोग लहान आहे, बारा जणांचा, पण डनबार यांनी वेदनेवरून बांधलेला अंदाज त्याने मेंदूच्या आत जाऊन तपासला.

हसू संसर्गजन्य आहे हे सांगायला शास्त्रज्ञ नको. त्याचा आधार घेऊन दरवेळी टांगानिकातल्या (आजच्या टांझानियातल्या) 'हसण्याच्या साथी'चा किस्सा सांगितला जातो आणि तो चुकीचा सांगितला जातो. ३० जानेवारी १९६२ ला काशाशा गावच्या मुलींच्या निवासी शाळेत तिघींना हसू आवरेना, आणि पुढच्या काही आठवड्यांत १५९ पैकी ९५ मुलींना तो त्रास झाला. शाळा बंद करावी लागली, मुली घरी गेल्या आणि त्रास गावोगाव पसरला. पण त्या मुली मजेत नव्हत्या. हसण्याबरोबर रडणं होतं, अस्वस्थता होती. घरापासून दूर, कडक शिस्तीत दडपलेल्या मुलींचा तो सामूहिक मानसिक उद्रेक होता. त्याला गंमत म्हणून सांगणं बरं नव्हे.

संसर्गाचा चांगला उपयोग आपल्याकडेच झाला. १३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. पहिले काही दिवस विनोद सांगून हसणं चाललं. दोन आठवड्यांत विनोद संपले, उरले ते कुणाला तरी लागणारे. तेव्हा विनोद सोडून नुसतं हसायचं ठरलं. टाळ्यांच्या ठेक्यावर 'हो-हो, हा-हा-हा' सुरू करायचं, एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचं, की थोड्या वेळात हुकमी हसण्याचं खरं हसू होतं. प्रोव्हाइन फुटपाथवर उभे राहून ज्या निष्कर्षाला आले, त्याच्याशी मुंबईच्या बागेतले हे लोक स्वतःच्या अनुभवातून पोचले. आता महाराष्ट्रातल्या कितीतरी बागांमध्ये सकाळी हा आवाज ऐकू येतो.

या क्लबांच्या नावावर रक्तदाबापासून कॅन्सरपर्यंत बरेच दावे खपवले जातात, त्यांपासून मात्र सावध राहावं. हसण्याने आजार बरे होतात याचा भक्कम पुरावा नाही. बरेचसे प्रयोग छोटे आहेत. आणि बागेत येणारा माणूस चालतो, दीर्घ श्वास घेतो, चार ओळखीच्यांना भेटतो आणि हसतोही. फायदा झाला तर नेमका कशाचा, ते वेगळं काढणं कठीण. ज्या आजी-आजोबांची मुलं परदेशी आहेत, त्यांच्यासाठी ते वेगळं काढायची गरजही नाही.

जे हसू जोडतं तेच तोडतंही. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत आणि ते माणसांच्या प्रतीनुसार वाटलेले आहेत. दात न दाखवता केलेलं स्मित आणि त्यापुढचं हसित उत्तमांचं, विहसित-उपहसित मध्यमांचं, आणि डोळ्यांत पाणी येऊन, कुशी हातांनी धरून, मोठ्या आवाजात हसणं, म्हणजे अपहसित-अतिहसित, हे अधमांचं. कोण किती हसतो यावरून त्याची पायरी ठरवण्याची खोड एवढी जुनी आहे. 'काय फिदीफिदी हसतेस?' हे आपल्या घरांत मुलींनाच ऐकावं लागलं. प्रोव्हाइन यांच्या नोंदींत बाई बोलत असेल आणि पुरुष ऐकत असेल, तर बाई त्याच्या दुपटीहून जास्त हसत होती. पुरुष बोलत असला, तर तो ऐकणारीपेक्षा किंचित कमीच. साहेबांच्या विनोदाला हसणाऱ्या हाताखालच्या माणसांना हे समजावून सांगायला नको. आणि वर्गात ज्या एका मुलाला सगळे हसतात, त्याला बाकीच्यांच्या एकजुटीचं मोल मोजावं लागतं. लोक आपल्याला हसतील ही भीती काही जणांत इतकी बळावते, की शेजारच्या टेबलावरचं हसूही त्यांना स्वतःबद्दलचं वाटतं. मानसशास्त्रज्ञ या भीतीचा आता स्वतंत्रपणे अभ्यास करतात.

हसणं नात्यांशी इतकं बांधलेलं असल्यामुळे मेंदूच्या आजारांतही ते लवकर बिघडू शकतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ४८ रुग्णांच्या जवळच्या माणसांना विचारलं, यांचं हसणं कधी बदललं? अनेकांनी सांगितलं, की नेहमीची लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी. पूर्वी ज्या मार्मिक गमतीवर ते हसायचे त्यावर हसेनासे झाले, आणि बातम्यांतल्या अपघातावर, बायकोला भाजलं त्यावर हसू लागले. मेंदूच्या पुढच्या भागाच्या स्मृतिभ्रंशात हे जास्त दिसतं. सुरुवातीला स्मरणशक्ती शाबूत असते, म्हणून डॉक्टरकडे जावं असं कुणाला सुचत नाही. घरात मात्र बायको म्हणत असते, 'हे पूर्वी असे हसायचे नाहीत.'