‘प्रत्यक्ष जागेवर’ : शहररेखाटनाच्या कार्यशाळांमागची पार्श्वभूमी

पावसाळा सरला की मुंबई-पुण्यात शहररेखाटनाच्या, म्हणजे रस्त्यावर किंवा बाजारात बसून समोरचे शहर वहीत उतरवण्याच्या, कार्यशाळांच्या जाहिराती दिसू लागतात. शिकवणारा एखादा नावाजलेला जलरंगकार किंवा वास्तुरचनाकार, मोजके विद्यार्थी, सकाळी जमण्याचे ठिकाण आणि सोबत आणावयाच्या साहित्याची यादी एवढाच तपशील त्यांत असतो, आणि ‘प्रत्यक्ष जागेवर’ हे दोन शब्द बहुधा असतातच. त्यांचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात शहररेखाटनाच्या चळवळीतले बरेचसे वाद याच दोन शब्दांवरून झाले आहेत, आणि अनुभवी कलावंताच्या शेजारी बसून शिकण्याच्या जुन्या पद्धतीशी त्यांचे नाते सुरुवातीपासून अवघडलेलेच राहिले आहे.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १८५७ पासून जे शिक्षण सुरू झाले, त्याचा भर पाहण्यापेक्षा नकलेवर होता. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील कलाशिक्षणाच्या धर्तीवरील त्या शिक्षणक्रमात विद्यार्थ्याने आधी छापील रेषाचित्रांवरून आणि मग प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून हात बसवायचा, खऱ्या वस्तूकडे वळायचे ते त्यानंतर. याच शाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. ते काम जागेवर जाऊन केलेले होते हे खरे, पण तिथेही डोळ्यांसमोर होते ते दुसऱ्याने काढलेले चित्रच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उघड्यावर बसून जलरंगात काम करणारी पिढी पुढे आली. कोल्हापूरच्या कोटितीर्थाचा काठ, नाशिक आणि वाईचे घाट ही तिची आवडती ठिकाणे झाली. या पिढीपासून पुढे शिकवण्याची जी रीत रुळली तिला आपण आजही ‘प्रात्यक्षिक’ म्हणतो. गुरूने घोडीवर (ईझलवर) कागद लावायचा, विद्यार्थ्यांनी मागे अर्धवर्तुळ करून उभे राहायचे, आणि दीड-दोन तासांत कोऱ्या कागदाचे चित्र होताना पाहायचे. प्रश्न फारसे विचारले जात नसत. करून दाखवणे हेच शिकवणे होते.

कलाशाळेच्या बाहेर, शालेय वयात, चित्रकलेशी संबंध आलेल्या असंख्य मराठी माणसांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा दिलेल्या आहेत, आणि त्यांतील स्मरणचित्र हा विषय इथे लक्षात घेण्याजोगा आहे. बाजार, बसथांबा किंवा शेतावरची कामे अशा विषयाचे चित्र परीक्षार्थीने वर्गातल्या बाकावर बसून, समोर काहीही नसताना काढायचे असते. त्यासाठी चार-सहा ठरावीक मनुष्याकृती, एक झाड, एक हातगाडी आणि लहान होत जाणारा रस्ता एवढा साठा पाठ करून ठेवला जातो. परीक्षेची ती गरजच आहे आणि त्यात गैर काही नाही. पण असा साठा हातात मुरलेली व्यक्ती चाळिशीत पुन्हा वही घेऊन मंडईच्या पायऱ्यांवर बसते, तेव्हा समोरच्या भाजीवाल्याकडे नजर जाण्याआधीच कागदावर परीक्षेतला भाजीवाला उतरलेला असतो. कार्यशाळेच्या पहिल्या तासाचा बराच वेळ ही सवय मोडण्यात जातो.

मराठीत या कामाला अजून सर्वमान्य नावही नाही. ‘लँडस्केप’ला आपण फार पूर्वी ‘निसर्गचित्र’ म्हटले, आणि त्यामुळे बोरीबंदरची इमारत, समोरची लाल बस आणि फेरीवाले यांचे चित्रही प्रदर्शनात निसर्गचित्र म्हणूनच लागते. ‘नगररेखाटन’, ‘शहरचित्रण’ हे शब्द अधूनमधून लिहिले जातात, पण बोलताना लोक ‘अर्बन स्केचिंग’ किंवा नुसते ‘स्केचिंगला जातो’ असेच म्हणतात. ‘रेखाटन’ या शब्दाची अडचण अशी की त्याला कच्च्या कामाचा वास आहे. चित्र पुढे व्हायचे आहे आणि हे त्याचे टिपण, असे त्यातून सुचवले जाते. कलाशाळेतील मुले पिढ्यान्‌पिढ्या राणीच्या बागेत प्राण्यांची आणि बोरीबंदरला गाडीची वाट पाहणाऱ्यांची रेखाटने करत आली ती याच अर्थाने, म्हणजे सराव म्हणून. वहीतले पानच पूर्ण चित्र आहे, ते पुढे कॅनव्हासवर जाणार नाही, ही कल्पना आपल्याकडे नंतर आली.

ती बाहेरून आली. २००४ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात सचेतपटांसाठी (अॅनिमेशनपटांसाठी) काम करणाऱ्या एका चित्रकाराने दिवसभर शहरात भटकत चित्रे काढण्याचा उपक्रम सुरू केला, आणि ठरलेल्या दिवशी जगभरच्या लोकांनी आपापल्या गावात तसेच करावे, असे आवाहन केले. त्यानंतर नोव्हेंबर २००७ मध्ये सिएटलच्या एका दैनिकात काम करणाऱ्या, मूळच्या स्पेनमधील चित्रकार-पत्रकाराने शहररेखाटन करणाऱ्यांसाठी महाजालावर (इंटरनेटवर) एक गट उघडला. २००८ मध्ये त्याला निमंत्रित वार्ताहरांच्या अनुदिनीची (ब्लॉगची) जोड मिळाली, २००९ मध्ये ना-नफा संस्थेची नोंदणी झाली आणि जुलै २०१० मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहरात पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन भरले. कार्यशाळा हे या संमेलनाचे मुख्य अंग होते आणि आजही आहे. त्यानंतर लिस्बन, सांतो दोमिंगो, बार्सेलोना, पाराती असा प्रवास करून २०१५ साली संमेलन सिंगापूरच्या निमित्ताने प्रथमच आशियात आले. २०१७ मध्ये, चळवळीला दहा वर्षे होत असताना, वेगवेगळ्या शहरांत तिथल्याच अनुभवी रेखाटनकारांनी दहा-दहा वर्गांची मालिका घेण्याचा कार्यक्रम राबवला गेला. शिकण्यासाठी परदेशी संमेलन गाठण्याची गरज नाही, आपल्याच शहरातला शिक्षक पुरेसा आहे, ही धारणा त्यातून पक्की झाली.

यातूनच उभ्या राहिलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ चळवळीचा जाहीरनामा आठ कलमांचा आहे. त्यातील पहिल्या कलमाचा आशय असा की, घरात असो वा बाहेर, आम्ही प्रत्यक्ष ठिकाणी बसून डोळ्यांनी पाहिलेले रेखाटतो. आणखी एक कलम पाहिलेल्या दृश्याशी प्रामाणिक राहण्याविषयी आहे. ही दोन कलमे एकत्र वाचली की गुंता सुरू होतो.

सोपा भाग आधी संपवू. छायाचित्रावरून काढलेले चित्र यात बसत नाही, याबद्दल फारसे दुमत नाही. रेषा जागेवर आणि रंग घरी, हे चालते का, याबद्दल आहे. कडक मताचे लोक म्हणतात की रंगही निरीक्षणाचाच भाग आहे, संध्याकाळच्या दिव्याखाली दुपारची सावली आठवून रंगवणे म्हणजे स्मरणचित्रच. सैल मताचे लोक म्हणतात की दादरच्या फूलबाजारात पहाटे पाच वाजता पाणी आणि कुंचला काढून बसायला जागा तरी आहे का. व्यवहारात दुसरे मत जिंकलेले दिसते, आणि अनेकजण पानाच्या कोपऱ्यात ‘रंग नंतर’ अशी नोंद करून मोकळे होतात.

खरा पेच पुढचा आहे. जागेवर बसूनही समोरचे गाळावे का? आपल्याकडच्या जलरंगाच्या परंपरेत गाळणे हे कौशल्य मानले जाते. विजेच्या तारा, फलक, उभी मोटार, डिश अँटेना ही सगळी ‘नको ती’ माहिती वगळायची, झाड दोन बोटे डावीकडे सरकवायचे, मधोमध एक छत्रीवाली स्त्री घालायची, म्हणजे दृश्यरचना जमते. प्रात्यक्षिकात गुरू हेच करून दाखवतो, आणि ते पाहताना भल्याभल्यांचा श्वास रोखला जातो हे नाकारण्यात अर्थ नाही. दूरची माणसे गाजरासारख्या आकाराच्या एका फटकाऱ्यात उभी करण्याची युक्तीही याच घराण्यातली. जाहीरनाम्यातला ‘प्रामाणिक’ हा शब्द मात्र चित्रशाळेत जन्मलेला नाही. तो वृत्तपत्राच्या कचेरीतून आला आहे, कारण चळवळ सुरू करणारा माणूस बातमीदारीच्या वातावरणात वाढलेला होता. बातमीदाराने घटनास्थळी नसलेली व्यक्ती बातमीत घातली तर त्याला रचना म्हणत नाहीत. त्या अर्थाने पाहिले तर दुरुस्तीसाठी बांबूची परांची बांधलेल्या इमारतीचे चित्र परांचीसह यायला हवे, मेट्रोच्या कामाचे पत्रे पत्र्यांसह, आणि छपरावरची निळी ताडपत्री ताडपत्रीसह.

हे दोन अर्थ एकमेकांत मिसळून महाराष्ट्रात आले. शिकवणारे मुख्यतः जलरंगाच्या किंवा वास्तुकलेच्या परंपरेतले होते, तर शिकणाऱ्यांनी जाहीरनामा वाचलेला होता. वास्तुकलेतून आलेल्या शिक्षकांचा कल यथादर्शनाकडे (पर्स्पेक्टिव्हकडे), म्हणजे नेत्रपातळीची रेषा, तिच्यावरचे बिंदू आणि कमानींची उंची यांकडे असतो, आणि मोजमापाच्या सवयीमुळे ते सहसा गाळत नाहीत. मात्र त्यांच्या चित्रांतून माणसेच नाहीशी होतात, ही तक्रार जुनी आहे. जलरंगकार माणसे घालतात पण ती समोरची असतीलच असे नाही. तिसरी छटा आपल्या ‘ऑन द स्पॉट’ स्पर्धांनी दिली. तिथे आयोजक सकाळी कागदावर शिक्का मारून देतात, जेणेकरून चित्र घरून करून आणता येऊ नये. म्हणजे चित्रकार जागेवर होता याची खात्री शिक्का देतो. चित्रातली जागा तीच आहे का, हे शिक्क्याला विचारता येत नाही. शिक्क्याच्या कागदावर दरवर्षीचाच सोनेरी घाट रंगवून बक्षीस मिळवता येते, आणि मिळवले जाते. ‘जागेवर’ या शब्दाचा हा सर्वांत रोडका अर्थ आहे, तरी आपल्याकडे बराच काळ तोच चालत आला.

२०२० मध्ये सगळेच घरात बसले, तेव्हा हाँगकाँगचे नियोजित संमेलन होऊ शकले नाही आणि कार्यशाळा संगणकाच्या पडद्यावर गेल्या. पहिल्या कलमात ‘घरात असो वा बाहेर’ हे शब्द होतेच, त्यामुळे स्वयंपाकघरातला ओटा, गॅलरीतून दिसणारा बंद रस्ता, झोपलेले घरचे लोक असे विषय विनातक्रार स्वीकारले गेले. वाद पेटला तो रस्त्यांची छायाचित्रे दाखवणाऱ्या नकाशांवरून काढलेल्या चित्रांवर. पडद्यावर लिस्बनच्या गल्लीत फिरून काढलेले रेखाटन हे रेखाटन आहे, पण ते शहररेखाटन आहे का? याला उत्तेजन देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, लोक एकटे पडले होते. तरीही छायाचित्राला नकार द्यायचा आणि फिरत्या छायाचित्राला होकार, हे तर्कात बसत नाही. त्या काळाचा टिकाऊ परिणाम वेगळाच झाला. पडद्यावरच्या वर्गात कॅमेरा शिक्षकाच्या हातावर रोखलेला असतो, त्यामुळे विद्यार्थ्याला दृश्य दिसत नाही, हातच दिसतो. दोन वर्षे असे शिकलेली मंडळी बाहेर आली तेव्हा कार्यशाळेत प्रात्यक्षिकाची मागणी वाढलेली होती. आंतरराष्ट्रीय संमेलन एप्रिल २०२३ मध्ये ऑकलंडला पुन्हा भरले.

कार्यशाळेच्या शुल्काचा प्रश्न यालाच लागून आहे. शहरांतील गटांच्या नियमित भेटी विनामूल्य आणि सर्वांना खुल्या असाव्यात, असा चळवळीचा दंडक आहे. शिकवणी मात्र शुल्क घेऊन होते. शिक्षकाने मोबदला घेऊ नये असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण पैसे भरलेल्या विद्यार्थ्याला संध्याकाळी घरी दाखवण्याजोगे पान हवे असते, आणि त्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे गुरूने केले तसे, त्याच क्रमाने, त्याच रंगांत करणे. अशा वेळी पंधरा माणसे गिरगावातल्या खोताच्या वाडीत बसलेली असतात आणि पंधराही जणांची नजर वाडीकडे नसून एका कागदाकडे असते. साउथ केन्सिंग्टनची छापील रेषाचित्रे इतक्या वर्षांनी अशी मागच्या दाराने परत येतात. काही शिक्षकांनी यावर उपाय म्हणून प्रात्यक्षिक शेवटी ठेवायला किंवा विद्यार्थ्यांपासून वेगळ्या दिशेला तोंड करून बसायला सुरुवात केली आहे. त्यांना नाराजीही सोसावी लागते.

जून २०१८ मध्ये दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह आणि हॉर्निमन सर्कल ही कार्यशाळांची ठरलेली ठिकाणे झाली आहेत. पुण्यात हे स्थान मंडई, तुळशीबाग आणि कसब्यातल्या उरलेल्या वाड्यांकडे आहे. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगेला सकाळी कार्यशाळा आणि पुढच्या रविवारी तिथेच विनामूल्य भेट, असेही होते. दोन्हींच्या शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर ओळीने उघड्या ठेवण्याची प्रथा एकच आहे. कार्यशाळेनंतरच्या ओळीत आकाशाचा निळा आणि पायऱ्यांवरच्या सावलीचा जांभळा बहुतेक वह्यांत सारखाच दिसतो. भेटीनंतरच्या ओळीत रेषा अडखळतात, यथादर्शन दोन-तीन ठिकाणी कोसळलेले असते, पण देवळामागच्या उंच इमारती आणि छपरावरची निळी ताडपत्री बऱ्याच पानांवर सापडते.