स्टोमा डेटॉलने पुसायचा नसतो हो!

मल बाहेर पडायला पोटावर काढलेला स्टोमा म्हणजे जखमच, म्हणून रोज डेटॉल नाहीतर स्पिरिटने पुसा, हे अजूनही सर्रास सांगितलं जातं, घरी तर सांगतातच पण कधीकधी वॉर्डातही. चूक आहे हे. स्टोमा म्हणजे आतड्याचं बाहेर काढून शिवलेलं टोक, गालाच्या आतल्या भागासारखं लाल नि ओलसर, पुसताना थेंबभर रक्त आलं तर घाबरायचं नाही (काळपट-जांभळा दिसला तर मात्र लगेच सर्जनला कळवायचं). कोमट पाणी, मऊ कापड, बास. अँटिसेप्टिकने कातडी चुरचुरते आणि तेल-क्रीम लावलं की स्टोमावर लावायची, मल गोळा करणारी बॅग नीट चिकटतच नाही.

खरा घोळ कटिंगमध्ये असतो. बॅगेच्या चिकटणाऱ्या भागात स्टोमासाठी भोक कापायचं असतं, ते मोठं कापलं की मल कातडीला लागतो, ती सोलवटते, आणि मग सगळे म्हणतात इन्फेक्शन झालं! स्टोमापेक्षा साधारण 2-3 मिमीच मोठं कापायचं, आणि ऑपरेशननंतर पहिले 6-8 आठवडे सूज उतरत असते म्हणून नेमाने मापून कापायचं, जुनंच माप धरून नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टोमाच्या काळजीचं वेगळं ट्रेनिंग 1961 मध्येच सुरू झालं, तरी आपल्याकडे कित्येक नर्सना हे हातात बॅग देऊन कुणी शिकवलेलंच नसतं, त्यांना तरी काय बोलणार!