आई-वडिलांच्या ट्रस्टचे कागद : नक्कल कोणाकडे मागायची, कशी मिळवायची

वडील किंवा आई गेल्यावर ट्रस्टच्या नावाचं पासबुक सापडतं, पॅन कार्ड सापडतं, पण मूळ ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्ट ज्या कागदाने केला तो दस्त, काही सापडत नाही. मग पहिला हेलपाटा बहुतेकदा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतो आणि तो वाया जातो. तिथली नोंद देऊळ, शाळा, दवाखाना अशा सार्वजनिक ट्रस्टची असते, १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची. घरच्या माणसांसाठी केलेला खासगी ट्रस्ट १८८२ च्या इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्टखाली येतो, आणि अशा ट्रस्टची यादी त्या कार्यालयात नसते.

म्हणून आधी एवढंच ठरवा : ट्रस्टमध्ये घर, जमीन, दुकान असं काही स्थावर आहे का? मृत्युपत्राने केलेला ट्रस्ट सोडला, तर स्थावर मिळकतीच्या ट्रस्टचा दस्त लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. म्हणजे त्याची नक्कल सरकारदरबारी असते. फक्त ठेवी, शेअर्स, सोनं असेल तर नोंदणीची सक्ती नाही. असा दस्त पुष्कळदा नोटरीपुढे केलेला असतो. नोटरीच्या रजिस्टरात त्याची नोंद मिळेल, अख्खं डीड नाही.

योगायोग असा, की नक्कल मिळवण्याचे दोन्ही मार्ग दोन वेगळ्या कायद्यांच्या कलम ५७ मधूनच जातात. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ५७ तुम्हाला दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सब-रजिस्ट्रारकडे नेतं. ट्रस्ट्स अ‍ॅक्टचं कलम ५७ थेट ट्रस्टीकडे, म्हणजे ट्रस्टची मिळकत सांभाळणाऱ्याकडे. पत्र लिहिताना कायद्याचं नाव न लिहिता नुसतं ‘कलम ५७’ लिहू नका.

हवेलीतून (पुण्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयांतून) नक्कल

स्थावर मिळकतीचे दस्त नोंदणी कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात आणि ते शुल्क भरून कोणालाही पाहता येतात, नक्कलही मिळते. तुम्ही लाभार्थी (ज्याच्या फायद्यासाठी ट्रस्ट केला तो) आहात का, हे इथे विचारायचं कारणच नाही. ट्रस्टी असलेल्या भावाशी बोलणं बंद असलं तरी हा मार्ग बंद होत नाही.

अडतं ते दस्त क्रमांकावर. तो शोधायला सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. मिळकत ट्रस्टींच्या नावे चढलेली असेल तर त्या फेरफारात दस्ताचा क्रमांक आणि तारीख मिळण्याची शक्यता चांगली असते. तिथे नसेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करा. शोधताना एकाच क्रमांकावर थांबू नका. कोथरूड-एरंडवण्यातली तीच मिळकत जुन्या दस्तात सर्व्हे नंबरने, नंतर सिटी सर्व्हे नंबरने आणि कधी फायनल प्लॉट नंबरने लिहिलेली असते. शिवाय पुणे शहरात हवेलीच्या कुठल्याही दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवता येत असल्यामुळे घराजवळच्याच कार्यालयात तो असेल असं नाही. क्रमांकाआधीचा ‘हवल’ आणि त्यापुढचा आकडा कार्यालय सांगतो.

२००२ च्या सुमारास संगणकीकरण झालं. त्याआधीचा दस्त ऑनलाइन दिसला नाही म्हणून नोंदच नाही असा अर्थ काढू नका. कार्यालयात शोधाचा अर्ज द्या. शोधशुल्क वर्षागणिक लागतं, तेव्हा आधी बँक खातं उघडल्याची तारीख किंवा पॅनची तारीख पाहून दोन-तीन वर्षांचा टप्पा ठरवा.

सगळ्यात जास्त होणारी चूक : इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदीचा गोषवारा, हातात आला की लोक काम झालं समजतात. त्यात पक्षकार, मिळकत, तारीख आणि मूल्य असतं. कोणाला किती, कधी, कोणत्या अटीवर, हे फक्त दस्तात असतं. अर्जात ‘संपूर्ण दस्ताची, परिशिष्टांसह प्रमाणित नक्कल’ असंच लिहा. मिळाल्यावर पानं मोजा आणि शेवटच्या पानावरचा सही-शिक्का पाहून घ्या. अशी नक्कल मूळ दस्तातला मजकूर शाबीत करायला पुराव्यात चालते.

दुसरी चूक पुरवणी दस्तांची. ट्रस्टी बदलले, मिळकत वाढवली, वाटे बदलले, की वेगळा दस्त होतो, आणि त्याला वेगळा क्रमांक मिळतो. मूळ डीडच्या नकलेला तो आपोआप जोडलेला नसतो. फक्त मूळ डीड वाचून हिश्शाचा हिशेब करणं धोक्याचं आहे.

स्थावर नसतानाही कोणी दस्त नोंदवला असेल तर तो पुस्तक क्रमांक ४ मध्ये जातो. तिथे नक्कल फक्त दस्त करून देणाऱ्याला, दस्ताखाली हक्क सांगणाऱ्याला किंवा त्यांच्या प्रतिनिधीला मिळते. मृत्युपत्र पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतं. ते करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत तिला किंवा तिच्या मुखत्यारालाच नक्कल मिळते, मुलांनाही नाही. मृत्यूनंतर कोणीही अर्ज करू शकतं. मृत्यूचा दाखला जोडा.

ट्रस्टीकडे मागणी

इथे मुलगा किंवा मुलगी असणं पुरेसं नाही. डीडमध्ये तुम्ही लाभार्थी असायला हवं. असाल, तर ट्रस्ट डीड, निव्वळ ट्रस्टच्या मिळकतीचे मालकीचे कागद, हिशेब, त्यांची व्हाउचर्स आणि ट्रस्टीने कामासाठी घेतलेला कायदेशीर सल्ला, हे सगळं पाहण्याचा आणि नक्कल घेण्याचा तुमचा हक्क आहे. कलम १९ प्रमाणे मिळकतीची स्थिती सांगणं आणि चोख हिशेब ठेवणं ट्रस्टीवर बंधनकारक आहे.

‘ट्रस्टचे कागद द्या’ अशी मोघम मागणी केली तर ट्रस्टी ती सहज टाळू शकतात. कोणता कागद, कोणत्या वर्षाचा, हे नाव घेऊन लिहा, नकलेचा खर्च देण्याची तयारी दाखवा, उत्तरासाठी तारीख द्या. सगळ्या ट्रस्टींना स्वतंत्र पत्र पाठवा, पोहोच जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरची मागणी पुढे तोकडी पडते. बँकेकडे किंवा ट्रस्टच्या सीएकडे प्रत असते, पण ट्रस्टींच्या संमतीशिवाय ते ती सहसा देत नाहीत. उत्तर आलंच नाही तर वकिलाची नोटीस आणि त्यानंतर दिवाणी दावा, हा क्रम. तो दावा उभा राहतो या जपलेल्या पोहोचपावत्यांवर.

आई-वडील कॅलिफोर्नियात राहत असतील तर नियम तिथले लागतात. तिथला लिव्हिंग ट्रस्ट (हयातीतच केलेला ट्रस्ट) सहसा कुठे नोंदवलेला नसतो. ट्रस्ट करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ट्रस्टीने ६० दिवसांत लाभार्थी आणि वारस, दोघांनाही नोटीस द्यायची असते, आणि मागितल्यास ट्रस्टच्या अटींची प्रत द्यायची असते. ट्रस्टला आव्हान द्यायची मुदत साधारणपणे त्या नोटिशीपासून १२० दिवस. पाकीट पुण्याच्या पत्त्यावर आलं असेल तर त्यावरची तारीख लगेच लिहून ठेवा.

नक्कल काढण्याच्या कामासाठी आमच्याकडे येताना मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारा कागद, मिळकतीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, कॉर्पोरेशनच्या टॅक्सची पावती आणि ट्रस्टच्या नावाचा हाती लागेल तो कागद आणा, जुना चेक असला तरी. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवत असाल तर ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ज्या पाकिटातून ते आलं, ते पाकीटही सोबत ठेवा.