गोठलेली जमीन वितळली की तिथे शेती पिकेल?

‘उत्तर ध्रुवाजवळची जमीन वितळली की तिथे शेती होईल, जंगल वाढेल आणि तेच जंगल हवेतला कार्बन शोषून घेईल,’ असा एक समज अनेक वर्षे फिरतो आहे. त्यात तथ्याचा अंश आहे. टुंड्रात, म्हणजे ध्रुवाजवळच्या झाडे नसलेल्या थंड प्रदेशात, झुडपे खरोखरच वाढत आहेत. पण हिशेब तेवढ्यावर संपत नाही.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग किमान 2 वर्षे शून्य अंश किंवा त्याखाली राहिलेली जमीन. तिच्यात हजारो वर्षांची मुळे, पाने, प्राण्यांचे अवशेष न कुजता अडकलेले आहेत, फ्रीझरमधल्या भाजीसारखे. हा साठा अंदाजे 1,400 ते 1,600 अब्ज टन कार्बनचा, म्हणजे आज वातावरणात असलेल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट. जमीन वितळली की जिवाणू कामाला लागतात. हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड सुटतो, पाणथळ जागी मिथेनही. वरची झुडपे एवढ्या मोठ्या साठ्याची भरपाई करू शकत नाहीत.

आणि शेतीचे? सायबेरियातल्या काही भागांत जमिनीच्या घनफळात निम्म्याहून जास्त बर्फच आहे. तो वितळला की जमीन खचते, खड्डे पडतात, तळी साचतात. नांगर धरायला सपाट रान उरतच नाही. किनाऱ्यावर तर जमीनच जाते: अलास्कातल्या ड्रू पॉइंटला समुद्र कधीकधी एकाच वर्षात 15 मीटरहून जास्त किनारा गिळतो.

पडताळायचे असेल, तर ड्रू पॉइंटची आणि सायबेरियातल्या याकुतिया प्रांतातल्या बातागायची (तिथे पर्माफ्रॉस्ट वितळून जमीन खचली आणि प्रचंड खड्डा पडला) जुनी-नवी उपग्रहचित्रे शेजारी ठेवून पाहा. ती इंटरनेटवर मोफत मिळतात.