युद्धकाळातली जुनी रायफल संग्रहासाठी घ्यायची आहे? अमेरिकेतल्या सी अँड आर परवान्याची अर्ज प्रक्रिया

ली-एन्फिल्ड ही जुनी ब्रिटिश लष्करी रायफल घ्यायची आहे म्हणून कुणी मराठी ओळखीतून फोन केला की मी आधी एकच विचारतो: ग्रीन कार्ड हातात आलंय का? एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर इथेच थांबा. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांना अपवाद आहे, पण त्या अपवादाच्या भरवशावर संग्रह सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका रायफलीपायी इमिग्रेशनची फाइल पणाला लावायची नाही. मी स्वतः ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो आणि तेवढी वर्षं फक्त वाचत राहिलो. ते वाचन पुढे फार कामी आलं. नागरिकत्व मिळेपर्यंत मात्र थांबावं लागत नाही, कायम रहिवासी असणं पुरेसं आहे. घरात दुसरं कुणी व्हिसावर असेल तर कपाटाची किल्ली फक्त तुमच्याकडे हवी.

हा परवाना म्हणजे काय

पूर्ण नाव ‘क्युरिओज अँड रेलिक्स’ संग्राहक परवाना, म्हणजे टाइप ०३ फेडरल फायरआर्म्स लायसन्स. देणारं खातं एटीएफ, म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं यांवर देखरेख करणारं संघीय खातं. सर्वसाधारणपणे ५० वर्षांपेक्षा जुनं आणि मूळ रूपात असलेलं शस्त्र या वर्गात बसतं. ‘मूळ रूपात’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. युद्धानंतर हजारो लष्करी रायफलींचं पुढचं लाकूड कापून, नळी आखूड करून त्यांच्या शिकारी बंदुका केल्या गेल्या. अशी कापलेली रायफल जुनी असली तरी या परवान्यावर मागवू नये. १८९८ किंवा त्याआधी बनलेली शस्त्रं संघीय कायद्यात ‘अँटिक’ ठरतात, त्यांना हा परवाना लागतच नाही.

परवान्याचा खरा फायदा असा, की दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याला परवान्याची सही केलेली प्रत पाठवली की तो रायफल थेट तुमच्या परवान्यावरच्या पत्त्यावर पाठवू शकतो. मधल्या डीलरकडे खेटे घालावे लागत नाहीत. पण हा धंद्याचा परवाना नाही. स्वस्तात घ्यायचं, नफ्यात विकायचं, पुन्हा घ्यायचं असा व्यवहार सुरू केला तर ते बेकायदेशीर आहे.

पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

वय २१ पूर्ण हवं. एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेले आणि कौटुंबिक हिंसाचारात दोषी ठरलेले अपात्र असतात. अर्ज एटीएफच्या फॉर्म ७/७सीआर वर करायचा. फी ३० डॉलर, मुदत ३ वर्षं. बोटांचे ठसे आणि फोटो या प्रकारच्या परवान्याला लागत नाहीत. ग्रीन कार्डधारकांनी कार्डावरचा एलियन नंबर अचूक भरावा आणि नाव कार्डावर जसं आहे तसंच लिहावं. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लावायची आपली पद्धत इथे गोंधळ करते. एका कागदावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर असं होऊ देऊ नका.

अर्जाची एक प्रत तुमच्या भागातल्या पोलीस प्रमुखाला किंवा शेरीफला पाठवावी लागते. त्यांची परवानगी मागायची नसते, फक्त कळवायचं असतं. बरेच जण हीच पायरी विसरतात. पूर्ण अर्ज मिळाल्यावर एटीएफने ६० दिवसांत निर्णय द्यावा अशी कायद्यात तरतूद आहे.

संघीय परवाना आला म्हणजे राज्याचा कायदा संपला असं नाही. न्यू जर्सीत फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र. एडिसन किंवा शिकागोकडची मंडळी इथेच अडकतात, म्हणून राज्याचं कार्ड आधी काढा.

वही

परवान्याबरोबर येते जबाबदारी, आणि ती एका बांधीव वहीत राहते. रायफल आली तारीख, कुणाकडून, उत्पादक, मॉडेल, अनुक्रमांक, प्रकार, कॅलिबर (नळीचं माप). आणि गेली तर कधी, कुणाला. एटीएफ १२ महिन्यांतून एकदा तपासणी करू शकतं. ती घरी व्हावी की त्यांच्या जवळच्या कार्यालयात, हे निवडायचा हक्क तुमचा आहे. चोरी झाली किंवा रायफल हरवली तर कळल्यापासून ४८ तासांत एटीएफला आणि स्थानिक पोलिसांना कळवावं लागतं. घर बदलणार असाल तर ३० दिवस आधी कळवा, कारण परवाना पत्त्याला बांधलेला असतो.

वहीत अनुक्रमांक विक्रेत्याच्या पावतीवरून उतरवू नका. रायफल हातात घ्या, भिंग लावा, लोखंडावर जे आहे ते लिहा.

रायफल पारखताना

मी पहिली शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड घेतली तेव्हा विक्रेत्याने ‘सगळे नंबर जुळतात’ असं सांगितलं होतं. खोकं उघडलं, बोल्टच्या (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) दांडीमागचा नंबर पाहिला, मग चेंबरवरचा (नळीत काडतूस बसतं तो भाग). शेवटचे दोन आकडे वेगळे. आता वेगळे आकडे दोन तऱ्हेचे असतात. जुना नंबर आडव्या रेघेने खोडून शेजारी नवा ठोकलेला असेल, तर ते लष्करी वर्कशॉपचं काम असतं. तिथे बोल्ट त्या रायफलीला बसवून घेतलेला असतो. माझ्या बोल्टवर खोडल्याची खूणच नव्हती. कुणीतरी ढिगातून उचलून लावला होता. गनस्मिथने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याने, गेज (ठरावीक जाडीचं माप) लावलं. ली-एन्फिल्डच्या .३०३ कॅलिबरमध्ये काडतुसाची कड बोल्टचं तोंड आणि नळीचं बूड यांच्यामध्ये बसते. ती जागा .०६४ इंचांपेक्षा कमी आणि .०७४ पेक्षा जास्त नसावी. माझा बोल्ट .०७४ च्या गेजवर सहज बंद झाला, म्हणजे जागा मर्यादेपेक्षा जास्त होती. ती रायफल मी कधीच उडवली नाही.

म्हणून गेज लावल्याशिवाय काडतूस भरायचं नाही, नंबर जुळत असले तरी. ‘डीपी’ असा ठसा म्हणजे कवायतीची रायफल, ती उडवायची नाहीच. नळीत उजेड टाकून पाहा. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडातली पेट घेणारी टिकली) क्षार मागे राहतात, वेळेवर गरम पाण्याने न धुतलेल्या नळीला खड्डे पडलेले दिसतात. लाकूड उतरवून आतली बाजू पाहिल्याशिवाय गंजाबद्दल मत बनवू नये.

आपल्या माणसांना सगळ्यात जवळची वाटेल ती पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ली-एन्फिल्ड. पुढच्या लाकडात आडवा बसवलेला जास्तीचा स्क्रू ही तिची ओळख. काहींच्या लाकडाभोवती तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली असते, त्या ग्रेनेड फेकण्यासाठी वापरलेल्या. १९६० च्या दशकात ईशापूरने याच घाटावर ७.६२ मिमीची २ए आणि २ए१ ही मॉडेलं बनवली. तीही आता ५० वर्षांची मर्यादा ओलांडून परवान्यात बसते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींच्या हाती याच जातीची .३०३ होती. माझ्या टेबलावर .३०३ चं एक रिकामं काडतूस आहे, पितळी बुडावर के आणि एफ. खडकीचा कारखाना. पुण्याहून इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी ते हातात देतो.

भारतात नेण्याचा विचार मात्र करू नका. तिथे .३०३ आणि ७.६२ च्या बोल्ट-ॲक्शन रायफली प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, साध्या परवान्यावर ठेवता येत नाहीत. कायमचं परत जायचं ठरलं तर रायफल इथल्याच परवानाधारक संग्राहकाला द्या, त्याच्या परवान्याची प्रत घ्या आणि वहीत शेवटची नोंद करा.