इनपुट मास्क

डेस्कटॉप ॲप्लिकेशनच्या फॉर्ममधल्या रकान्यात काय टाइप करता येईल हे आधीच ठरवून ठेवणारा साचा म्हणजे इनपुट मास्क. नको असलेलं अक्षर तो उमटूच देत नाही, नाहीतर उमटताना बदलून टाकतो, म्हणजे स्मॉलचं कॅपिटल करतो किंवा तारखेतल्या तिरप्या रेघा स्वतःच भरतो. अडवणं आणि बदलणं ही खरं तर दोन वेगळी कामं, पण टूल बनवणाऱ्यांनी ती बऱ्याचदा एकाच सोयीत घातलीत, म्हणून इथेही एकत्रच घेतली आहेत.

उगमाबद्दल एकमत नाही. बरेच जण कोबॉल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पिक्चर क्लॉजकडे, म्हणजे डेटाचा साचा चिन्हांत सांगणाऱ्या तुकड्याकडे, बोट दाखवतात. कोबॉलचं पहिलं स्पेसिफिकेशन १९६० चं, आणि पिक्चर त्यात आलं ते आयबीएमच्या कॉमट्रान भाषेतून, जी बॉब बीमर यांची मानली जाते. ९ म्हणजे अंक, ए म्हणजे अक्षर, एक्स म्हणजे काहीही, ही चिन्हं तिथली. पण ते पिक्चर साठवायच्या आणि छापायच्या डेटाचं वर्णन होतं, कीबोर्डवर बसलेल्या माणसाला ते अडवत नव्हतं. म्हणून दुसरं मत असं की खरी सुरुवात १९७१ च्या सुमारास आलेल्या आयबीएम ३२७० टर्मिनलपासून, म्हणजे मेनफ्रेम या मोठ्या मध्यवर्ती संगणकाला जोडलेल्या स्क्रीन-कीबोर्डपासून धरावी. त्याच्या स्क्रीनवर प्रत्येक फील्डला स्वतःचे गुणधर्म असायचे आणि न्यूमरिक लॉकची सोय असलेल्या कीबोर्डवर अंकांच्या फील्डमध्ये अक्षर दाबलं की कीबोर्डच अडकायचा, रिसेट दाबेपर्यंत पुढे जाता यायचं नाही, आणि हे सगळं टर्मिनलपाशीच, एंटर दाबेपर्यंत मेनफ्रेमला पत्ताही नसायचा. चिन्हांची भाषा कोबॉलची आणि अडवणूक टर्मिनलची असं धरलं तर दोन्ही एकत्र भेटतात ते १९८० च्या दशकातल्या डीबेस, क्लिपर या डेटाबेस टूल्सच्या गेट (रकान्यात माहिती घेणारी आज्ञा) आणि पिक्चरमध्ये (तिचा साचा), आणि हीच मांडणी जास्त पटते. तिथे "@!" लिहिलं की रकान्यातलं सगळं कॅपिटल होतं, "99/99/99" लिहिलं की फक्त अंक घेतले जातात आणि रेघा आपोआप दिसतात.

पुढची टूल्स हेच करत राहिली. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये पॅन नंबरचा मास्क म्हणजे आधी > हे चिन्ह (त्याने पुढचं सगळं कॅपिटल होतं), मग पाच एल (एल म्हणजे अक्षर), चार शून्यं (शून्य म्हणजे अंक) आणि शेवटी एक एल. व्हिज्युअल बेसिक या भाषेत की दाबल्यावर चालणाऱ्या कीप्रेस इव्हेंटमध्ये की-ॲस्की, म्हणजे त्या कीचा आकडा, शून्य केलं की दाबलेली की गिळली जाते. पण यात मोठं भोक राहतं ते पेस्टचं. विंडोजच्या एडिट कंट्रोलला, म्हणजे टाइप करायच्या चौकटीला, फक्त अंकांची स्टाइल लावली तरी त्यात अक्षरं पेस्ट करता येतात, हे मायक्रोसॉफ्टच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेने २००२ मध्ये १.४ आवृत्तीत डॉक्युमेंट फिल्टर आणला तो की न बघता मजकुरात होणारा बदल बघतो, त्यामुळे पेस्टही त्यातूनच जातं. क्यूटी या ॲप्लिकेशन बनवायच्या टूलकिटचा व्हॅलिडेटर (मजकूर तपासणारा भाग) तर तीन उत्तरं देतो, चालेल, चालणार नाही आणि अजून अर्धवट आहे, आणि हे तिसरं उत्तर फार महत्त्वाचं, कारण १० ते ९९ घेणाऱ्या रकान्यात माणसाला आधी नुसता १ दाबावाच लागतो आणि तो तिथेच चुकीचा ठरवला तर पुढचा आकडा येणार कुठून?

देवनागरीत या साच्यांची गृहीतकं उघडी पडतात. "फक्त अक्षरं" अशी अट जावाच्या अक्षर-तपासणीने घातली की मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त सगळं बाहेर पडतं, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, ती अक्षरं नसून चिन्हं म्हणून नोंदलेली आहेत. "विठ्ठल" टाइप केलं की रकान्यात "वठठल" उरतं. फिल्टर लिहिणाऱ्याने हे मराठी नावावर एकदा जरी चालवून बघितलं असतं तरी कळलं असतं. त्याहून लपलेली अडचण अर्ध्या ऱ्याची. तो दोन प्रकारे लिहिला जातो, ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक झेडडब्ल्यूजे देऊन. न दिसणारी चिन्हं साफ करणारा फिल्टर दुसऱ्या प्रकारातला जोडक उडवतो आणि "आचाऱ्यांना"चं "आचार्यांना" होतं, स्वयंपाक्याचा गुरुजी होतो, आणि स्क्रीनवर चूक म्हणून काहीच दिसत नाही.

युनिकोड न वापरणाऱ्या जुन्या फॉन्टांत उलटा घोळ. कृतिदेवमध्ये इंग्रजी स्मॉल डीच्या जागी क आणि कॅपिटल डीच्या जागी अर्धा क् बसवलेला आहे, त्यामुळे रकान्याला कॅपिटलचं रूपांतर लावलं की पूर्ण अक्षरं अर्धी होतात. युनिकोड देवनागरीत स्मॉल-कॅपिटल नाहीच, तिथे हे रूपांतर काही करत नाही.

अंकांचंही तसंच. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेची अंक-तपासणी देवनागरी अंकांना अंक मानते, म्हणून "४११०३०" हा पिनकोड मास्कमधून सुखरूप पार होतो, पण तोच तिथल्या इंट पार्सला (मजकुराचं संख्येत रूपांतर करणाऱ्या आज्ञेला) दिला की एरर येते, जावाचं पार्स इंट मात्र तो नीट वाचतं. लांबीची मर्यादा मोजली जाते ती युनिकोडच्या तुकड्यांत, डोळ्याला दिसणाऱ्या अक्षरांत नाही. "लक्ष्मी" दिसायला दोन अक्षरी, तुकडे सात, आणि मर्यादा पाचची असेल तर रकान्यात "लक्ष्" एवढंच राहतं, तेही लटकत्या हलन्तासकट.