मधुमेह आणि डोळ्याचा पडदा : रुग्णाला सांगण्याचा इतिहास

"त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या." मधुमेहाच्या रुग्णाला आज दिला जाणारा हा साधा सल्ला. पण तो देता यावा, अशी स्थिती यायला सव्वाशे वर्षं गेली. आधी पडद्यावरचा बिघाड डोळ्यांनी दिसायला हवा होता, मग तो मधुमेहाचाच आहे हे पटायला हवं होतं आणि शेवटी त्यावर काही उपायही हवा होता. उपायच नसेल तर रुग्णाला सांगून करायचं काय, हा प्रश्न डॉक्टरांपुढे फार काळ होता.

जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला भाग पाहण्याचं साधन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे ठेवलं. त्यानंतर चारच वर्षांनी व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरचे पिवळसर डाग आणि रक्तस्राव यांचं वर्णन केलं. त्यांचं म्हणणं लगेच मान्य झालं नाही. फोन ग्रेफे यांच्यासारख्या त्या काळच्या दिग्गज नेत्रतज्ज्ञालाही हा मधुमेहाचाच परिणाम आहे, असं वाटत नव्हतं. रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, वाढतं वय अशी वेगवेगळी कारणं दिली जात आणि हा वाद विसाव्या शतकातही चालू राहिला.

वाद मिटायला इन्सुलिन कारणीभूत ठरलं. १९२२ पूर्वी लहान वयात मधुमेह झालेली मुलं फार जगत नसत, त्यामुळे डोळ्यांपर्यंत गोष्ट पोहोचतच नसे. इन्सुलिनमुळे ती जगू लागली, मोठी झाली आणि ऐन तारुण्यात त्यांची नजर जाऊ लागली. बोस्टनचे इलियट जोसलिन हे रुग्णशिक्षणाचे आद्य पुरस्कर्ते. आहार, लघवीची तपासणी, इन्सुलिन, पायांची निगा हे सगळं रुग्णाला शिकवलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी परिचारिका तयार केल्या. साखर काटेकोर सांभाळली तर गुंतागुंत टळते, असं ते ठामपणे सांगत. पण तेव्हा हाती पुरावा नव्हता आणि कित्येक डॉक्टरांना ते पटत नव्हतं. तो पुरावा थेट १९९३ मध्ये आला. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ मधुमेहाच्या (बहुधा लहान वयात होणाऱ्या, इन्सुलिनवाचून न भागणाऱ्या) १४४१ रुग्णांच्या अभ्यासात, काटेकोर साखर सांभाळणाऱ्यांना पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झालेला दिसला.

उपचारांच्या बाबतीत मधला काळ अगतिकतेचा होता. १९५३ मध्ये डेन्मार्कमधल्या पॉल्सन यांनी एका स्त्रीची हकीकत नोंदवली. बाळंतपणानंतर तिची मेंदूच्या तळाशी असणारी पियुषिका ग्रंथी निकामी झाली आणि पडद्यावरचा विकार ओसरला. तेवढ्या आशेवर पुढे बऱ्याच रुग्णांची ती ग्रंथी काढून किंवा जाळून टाकण्यात आली. नजर वाचवण्यासाठी मेंदूच्या तळाशी शस्त्रक्रिया! त्याच सुमारास जर्मनीत मायर-श्विकेराट प्रखर प्रकाशाने पडदा शेकण्याचा प्रयोग करत होते. १९४५ चं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेला रुग्ण पाहताना त्यांना ही कल्पना सुचली होती. आधी त्यांनी सूर्यप्रकाश वापरला, मग झेनॉनचा दिवा. पुढे लेसर आला.

पण लेसरने खरंच फायदा होतो का? अमेरिकेतल्या १५ केंद्रांवर १७०० हून अधिक रुग्णांच्या एका डोळ्यावर उपचार केले गेले आणि दुसरा डोळा तसाच ठेवला गेला. १९७६ मध्ये निकाल इतका स्पष्ट दिसला की अभ्यास संपण्याची वाट न पाहता, धोक्यात असलेल्या दुसऱ्या डोळ्यालाही उपचार देण्याची मुभा दिली गेली. नजर जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं.

माझ्या मते आरोग्यशिक्षणाचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. लेसर आहे ती नजर टिकवतो. गेलेली नजर सहसा परत आणत नाही. म्हणजे रुग्णाने स्पष्ट दिसत असतानाच यायला हवं. आणि स्पष्ट दिसत असताना डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण जातं?

आपल्याकडे ही अडचण दुप्पट होती, कारण डोळ्यांबद्दल आपण आधीच एक धडा घट्ट गिरवला होता. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याचा मुख्य भर मोतीबिंदूवर. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्रही होता. गावोगावच्या शिबिरांनी लाखो लोकांना दृष्टी दिली, ते काम मोठंच आहे. पण त्यातून घराघरांत समज पक्की झाली ती अशी : दिसेनासं झालं की शिबिराला जायचं, मोती पिकला की ऑपरेशन, आणि मग लख्ख दिसतं. पडद्याच्या विकारात ही समज घातक ठरते. "अजून दिसतंय की, पुढच्या वर्षी बघू" म्हणणारा माणूस निष्काळजी नसतो. त्याला जे शिकवलं गेलं तेच तो करतो. उशिरा लेसर घेतलेल्यांची नजर तरीही गेली, की गावात बोभाटा होतो तो "लेसरने डोळा गेला" असा.

भारतात मधुमेहाच्या रुग्णाला शिकवण्याची परंपरा जुनी आहे. चेन्नईत डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ मध्ये मधुमेहाचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मुंबईत १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. पण आहार आणि गोळ्यांच्या तुलनेत डोळ्यांचा विषय मागेच राहिला. २००२ च्या जागतिक मधुमेह दिनाचा विषय डोळे हा होता. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने वेगळा मार्ग धरला : मधुमेहींसाठी स्वतंत्र शिबिरं, फिरत्या गाडीतून पडद्याचे फोटो आणि रुग्णाशी सविस्तर बोलणारे समुपदेशक.

समुपदेशनातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे रुग्णाला त्याच्याच पडद्याचा फोटो दाखवणं. नारिंगी गोलावर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके, बाजूला पिवळसर कण. हे माझ्या डोळ्यात आहे आणि मला काहीच जाणवत नाही, हे त्याला स्वतःला दिसतं. त्यासोबत व्यवहाराचंही सांगावं लागतं : पडदा तपासण्यासाठी डोळ्यात थेंब टाकल्यावर बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो, नंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवायला सोबत कुणीतरी आणा. हे आधी न कळल्यामुळे थेंब न टाकताच, चष्म्याचा नंबर तेवढा तपासून परत जाणारे खूप असतात आणि डोळे तपासले, असं समजून निर्धास्त राहतात.

इंग्लंडने २००३ पासून बारा वर्षांवरच्या प्रत्येक मधुमेहीला पत्र पाठवून पडद्याच्या फोटोसाठी बोलवायला सुरुवात केली. २००९-१० च्या नोंदींत, किमान पाच दशकांत प्रथमच, कमावत्या वयातल्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेहाचा पडदाविकार पहिल्या क्रमांकावर नव्हता.

आपल्याकडे २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्क्यांच्या पडद्यावर हा विकार आढळला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासानुसार देशात मधुमेही १० कोटींवर आहेत. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात धूसर दिसतं का, वाचताना अडचण येते का, असे प्रश्न आहेत. ते हवेतच. पण ज्याला मधुमेह आहे त्याला, उत्तर "नाही" आलं तरी, पडद्याच्या तपासणीला पाठवावं लागतं. टाइप २ (बहुतेकांना मोठेपणी होणारा मधुमेह) असेल तर निदान झाल्याबरोबर आणि मग दरवर्षी. टाइप १ असेल तर मधुमेह सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांत.